सर्व्हर बदलला आणि मेल अडकले : बाहेर जाणाऱ्या रांगेची तपासणी

मागच्या व्याख्यानात मेल सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर कसा न्यायचा ते आपण पाहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. ‘सगळं हलवलं, येणारे मेल व्यवस्थित येतायत, पण जाणारे जातच नाहीत. रांग वाढत चाललीय. आता काय?’ आजचं व्याख्यान याच प्रश्नावर आहे. उदाहरणादाखल आपण पोस्टफिक्स घेऊ. वित्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला हा मेल सर्व्हर १९९८ साली खुला झाला आणि आज लिनक्सवर तो सर्रास दिसतो. तुमच्याकडे दुसरा सर्व्हर असेल तर आदेशांची नावं बदलतील, पण तपासणीचा क्रम हाच राहील.

आधी आमच्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगतो. त्यात आमची एक चूक आहे, आणि सगळं व्याख्यान त्या चुकीभोवतीच फिरणार आहे.

गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेचा सर्व्हर आम्ही गुरुवारी रात्री हलवला. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास संस्थेने मुलाखतीची बोलावणी पाठवली, चारशेच्या आसपास. मुलाखती पुढच्या शनिवारी होत्या. शुक्रवार, शनिवार, रविवार सगळं शांत. सोमवारी दुपारी एका मुलीच्या वडिलांचा संस्थेत फोन आला, ‘शेजारच्या गावातल्या मुलाला मागच्या वर्षी या सुमारास पत्र आलं होतं, आमच्या पोरीचं काय झालं?’ संस्थेने आम्हाला विचारलं. आम्ही रांग उघडून पाहिली, तर चारशेच्या चारशे बोलावणी तिथेच बसून होती.

तीन दिवस कोणाला कळलं कसं नाही? पोस्टफिक्समध्ये मेल उशिरा जातोय अशी सूचना पाठवणाऱ्याला देण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. ‘डिले वॉर्निंग टाइम’ या सेटिंगची मूळ किंमत शून्य आहे. त्यामुळे मेल निमूटपणे रांगेत बसतो, मधूनमधून प्रयत्न होतात आणि पाच दिवस झाले की तो पाठवणाऱ्याकडे परत जातो. पाच दिवसांची ही मुदत ‘मॅक्सिमल क्यू लाइफटाइम’ने ठरते. शुक्रवार सकाळपासून पाच दिवस म्हणजे बुधवार सकाळ. आमच्या हातात दोन दिवसही उरले नव्हते.

रांग म्हणजे काय

मेलची मूळ व्यवस्था टपालासारखीच आहे. पत्र एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातं आणि पुढची कचेरी बंद असेल तर हातातली कचेरी ते जपून ठेवते. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचा मसुदा लिहिला, तेव्हापासून हा नियम आहे : एकदा सर्व्हरने ‘मेल घेतला’ म्हटलं की तो पोचवायचा, नाहीतर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. मधेच गडप करायचा नाही. थोडक्यात, रांग दिसतेय म्हणजे सर्व्हर आपलं काम करतोय. रांगेला घाबरू नका, ती आपल्या बाजूची आहे.

पोस्टफिक्समध्ये ही रांग काही कप्प्यांत विभागलेली असते. नव्याने आलेला मेल ‘इनकमिंग’मध्ये, आत्ता पाठवायला घेतलेला ‘ॲक्टिव्ह’मध्ये, एकदा प्रयत्न फसलेला ‘डिफर्ड’मध्ये आणि आपण हाताने थांबवलेला ‘होल्ड’मध्ये. सर्व्हर हलवल्यावर फुगतो तो बहुधा डिफर्डचा कप्पा. त्यातल्या मेलचा पुढचा प्रयत्न लवकरात लवकर पाच मिनिटांनी होतो, मग अंतर वाढत जाऊन साधारण सव्वा तासापर्यंत पोचतं.

आता समोरच्या सर्व्हरची उत्तरं. ती तीन अंकी असतात, आणि पहिला अंक सर्वांत महत्त्वाचा. २ म्हणजे घेतला. ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर या. ५ म्हणजे घेणार नाही, पुन्हा येऊ नका. पोस्टमन पाकिटावर ‘घर बंद’ असा शेरा मारतो, तेव्हा उद्या पुन्हा फेरी होते. ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा असेल तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत. ४ आणि ५ मधला फरक अगदी तेवढाच आहे. ४ आलेला मेल रांगेत राहतो. ५ आलेला मेल रांगेतून निघून जातो, कायमचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिलं काम : हात आवरणे, मग वाचणे

रांग दिसली की बहुतेकांचा हात ‘फ्लश’च्या आदेशाकडे जातो, म्हणजे सगळे मेल आत्ताच्या आत्ता पुन्हा पाठवून बघ. आमचाही गेला. पण आजार न समजता फ्लश करण्यात दोन तोटे आहेत. एक, न जाणारे मेल पुन्हापुन्हा ढकलले की जाऊ शकणारे मेल मागे पडतात. दुसरा तोटा मोठा आहे, तो पुढे सांगतो.

तेव्हा आधी ‘पोस्टसुपर’ला होल्डचा आदेश देऊन डिफर्डमधले सगळे मेल थांबवा. होल्डमध्ये असताना मेलची मुदत संपून तो परत जात नाही. घड्याळाचा काटा आपल्या मानेवरून उतरतो आणि डोकं शांत होतं.

मग ‘मेलक्यू’ चालवा. प्रत्येक मेलखाली कंसात शेवटच्या अपयशाचं कारण असतं. पुष्कळ जण नुसता आकडा बघतात, ‘बापरे, चारशे!’ आणि कंसातलं वाचत नाहीत. सगळं निदान त्या कंसात आहे. ‘क्यूशेप’ हे आणखी एक उपयोगी साधन. कोणत्या डोमेनचे किती मेल किती मिनिटांपासून अडकलेत याचा तक्ता ते देतं. सगळ्या डोमेनचे मेल अडकले असतील तर दोष बहुधा आपल्या घरात आहे. एकाच डोमेनचे अडकले असतील तर त्या घराचं आपल्याबद्दल काही म्हणणं आहे.

सर्व्हर हलवल्यावर कंसात सहसा तीन प्रकारची कारणं सापडतात. एकेक घेऊ.

कारण १ : नावच सापडत नाही

मजकूर साधारण असा असतो : होस्ट किंवा डोमेनचं नाव सापडलं नाही, पुन्हा प्रयत्न करा. म्हणजे पत्ता शोधण्याचं डीएनएसचं काम अडलंय. गंमत अशी की त्याच यंत्रावर आपण हाताने नाव शोधलं तर झटकन सापडतं! मग माणूस चक्रावतो. याचं एक ठरलेलं कारण आहे. डेबियनसारख्या प्रणालींत पोस्टफिक्सचे काही भाग सुरक्षेसाठी स्वतःच्या कोंडलेल्या फोल्डरात चालत असू शकतात. तसं असेल तर त्यांना बाहेरची ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइल दिसत नाही, आतली प्रत दिसते. नव्या सर्व्हरवर बाहेरची फाइल बदलली आणि आतली प्रत जुनीच राहिली, की पोस्टफिक्स जुन्या, बंद पडलेल्या डीएनएसला हाका मारत बसतो. पोस्टफिक्स पुन्हा सुरू केला की प्रत बहुधा ताजी होते. तरी दोन्ही फाइली उघडून ताडून बघा.

कारण २ : दारच बंद

दुसरा मजकूर : कनेक्शन टाइम्ड आउट. आमच्या चारशे मेलखाली हेच लिहिलेलं होतं. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे समोरच्याने नकार दिला. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे आपली हाक कुठेतरी विरून गेली. वेगवेगळ्या दहा डोमेनना हाच अनुभव येत असेल, तर दहाही घरं एकदम बंद असणार नाहीत. आपलंच दार बाहेरून लावलेलं असणार.

मेल सर्व्हर एकमेकांशी २५ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतात. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या उपद्रवामुळे बऱ्याच क्लाउड कंपन्या नव्या ग्राहकांसाठी बाहेर जाणारा २५ पोर्ट मुळातच बंद ठेवतात. आत येणारा उघडा असू शकतो. म्हणूनच ‘येणारे येतायत, जाणारे जात नाहीत’ हे लक्षण दिसतं. सर्व्हरवरून एखाद्या मोठ्या मेल सेवेच्या सर्व्हरला टेलनेटने २५ वर जोडून बघा. २२० ने सुरू होणारी स्वागताची ओळ आली तर दार उघडं आहे. नुसतीच शांतता असेल तर आधी आपला फायरवॉल बघा, मग कंपनीकडे अर्ज करा.

आम्ही अर्ज केला, संध्याकाळी दार उघडलं. आणि मग ती चूक झाली.

आमची चूक

दार उघडलं या आनंदात आम्ही लगेच फ्लश केला. सुदैवाने लॉग समोर उघडा होता. पहिल्या काही सेकंदांतच ५५०, ५५०, ५५० अशा ओळी धावायला लागल्या. एक मोठी मेल सेवा आमचे मेल कायमचे नाकारत होती. होल्डचा आदेश देईपर्यंत चाळीसेक बोलावणी बाऊन्स होऊन गेली.

नीट बघा काय झालं. दार बंद होतं तोवर मेल रांगेत सुरक्षित होते, कारण कोणी ‘नाही’ म्हटलंच नव्हतं. अर्धवट तयारीने दार उघडल्यावर आम्हीच जाऊन तो ‘नाही’ ऐकून आलो. तात्पुरत्या अपयशाचं आम्ही आमच्या हाताने कायमचं अपयश केलं. फ्लशचा दुसरा तोटा म्हटला तो हा. आणि बाऊन्स होऊन परत आलेले मेल कुठे गेले? संस्थेच्या ‘उत्तर देऊ नये’ छापाच्या पत्त्यावर, जी पेटी कोणी कधी उघडत नाही.

कारण ३ : ओळख पटत नाही

आता नकार का मिळाला ते पाहू. आपण नव्या घरात राहायला गेलो की जुन्या पत्त्याचं रेशनकार्ड चालत नाही. गॅसवाला, बँक, सगळे नव्या पत्त्याचा पुरावा मागतात. नव्या आयपी पत्त्याचंही तसंच आहे. समोरचा सर्व्हर चार कागद बघतो.

पहिला कागद, उलटी नोंद, म्हणजे पीटीआर. नावावरून आयपी सापडतो तसं आयपीवरून नावही सापडलं पाहिजे, आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी. ही नोंद आपल्या डोमेनच्या पॅनेलमध्ये नसते. आयपी ज्याच्या मालकीचा, त्या कंपनीच्या पॅनेलमध्ये ती करावी लागते. म्हणूनच सर्व्हर हलवताना ती हमखास राहून जाते. सर्व्हर ‘हेलो’ म्हणताना जे नाव सांगतो तेही याच्याशी जुळतं ठेवा.

दुसरा कागद, एसपीएफ. आमच्या डोमेनचे मेल कोणत्या आयपीवरून निघू शकतात, त्याची ही यादी. हलवण्याच्या आधीच नवा आयपी तिच्यात घाला आणि जुना काही दिवस राहू द्या. जुन्याची रांग रिकामी झाली की मग तो काढा.

तिसरा कागद, डीकेआयएम, म्हणजे मेलवरची सही. सहीची खासगी किल्ली नव्या यंत्रावर आणलीय का, ती फाइल सही करणाऱ्या सेवेला वाचता येते का, आणि डीएनएसमधली जाहीर किल्ली तिच्याच जोडीची आहे का, हे तपासा.

चौथा, डीएमएआरसी. वरच्या दोन्हींपैकी एकही ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळून उत्तीर्ण झालं नाही तर मेलचं काय करावं, याची ही आपण दिलेली सूचना. ‘नाकारा’ अशी कडक सूचना पूर्वी देऊन ठेवली असेल आणि नव्या सर्व्हरवर एसपीएफ व डीकेआयएम दोन्ही गंडले असतील, तर आपल्याच सांगण्यावरून आपले मेल नाकारले जातात! फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने या बाबतीतले नियम बरेच कडक केले आहेत.

आमच्या बाबतीत आयपीव्ही४ची उलटी नोंद केलेली होती. पण नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ताही मिळाला होता, जुन्याला तो नव्हता. पोस्टफिक्स त्या पत्त्यावरूनही मेल पाठवत होता आणि त्याला ना उलटी नोंद, ना एसपीएफमध्ये जागा. घराला मागचं दार आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. तात्पुरता उपाय म्हणून ‘इनेट प्रोटोकॉल्स’मध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवून पोस्टफिक्स पुन्हा सुरू केला. आयपीव्ही६ची कागदपत्रं नंतर सावकाश पूर्ण केली.

रांग सोडायची कशी

या वेळी घाई केली नाही. आधी वेगवेगळ्या मेल सेवांवरच्या आमच्याच खात्यांना एकेक चाचणी मेल पाठवला. पोचलेल्या मेलचं हेडर उघडून एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी तिन्हींपुढे ‘पास’ आहे ना ते बघितलं. मग होल्डमधला एकच खरा मेल सोडला. लॉगमध्ये २५० दिसलं. मग पाच, मग पंचवीस.

इथे दोन बारकावे आहेत. मेल होल्डमध्ये बराच काळ राहिला असेल तर नुसता सोडू नका. सोडताच त्याचं वय पुन्हा मोजलं जातं आणि मुदत उलटून गेली असेल तर तो परत जाऊ शकतो. त्याऐवजी ‘पोस्टसुपर’चा रीक्यूचा आदेश वापरा, म्हणजे तो नव्याने रांगेत शिरतो. दुसरं, नव्या आयपीला जगात पत नसते. एकदम शेकडो मेल सोडले की समोरचा ४ ने सुरू होणारी उत्तरं देऊन थोपवतो. तेव्हा एकेका डोमेनसाठी दोन मेलमध्ये एखाद्या सेकंदाचं अंतर ठेवा. काही सर्व्हर अनोळखी पाहुण्याला पहिल्या खेपेला मुद्दामच ‘नंतर या’ म्हणतात, त्याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. तो आजार नव्हे, पुढच्या फेरीत मेल जातो.

मंगळवारी दुपारपर्यंत रांग रिकामी झाली. राहिली ती चाळीस. लॉगमध्ये ‘बाऊन्स्ड’ शब्द शोधून त्या पत्त्यांची यादी काढली आणि संस्थेला दिली. संस्थेने त्यांना पुन्हा मेल केला, शिवाय प्रत्येकाला फोनही केला, कारण कित्येक मुलं मेल उघडायला तालुक्याच्या गावी जातात. फोन करणाऱ्या ताईंना काही घरी दोनदोनदा लावावा लागला. शनिवारी मुलाखती ठरल्याप्रमाणे झाल्या. त्या मुलीच्या वडिलांनी सोमवारी फोन केला नसता तर बुधवारी सकाळी सगळी बोलावणी गुपचूप त्या न उघडलेल्या पेटीत जाऊन पडली असती. त्यानंतर आम्ही हलवलेल्या प्रत्येक सर्व्हरवर उशिराची सूचना चार तासांवर लावतो.

काही प्रश्न

प्रश्न : जुन्या सर्व्हरच्या रांगेत राहिलेले मेल नव्यावर आणायचे का?

शक्यतो आणू नका. जुना सर्व्हर आठवडाभर चालू ठेवा, तो आपली रांग आपण संपवेल. आणावेच लागले तर आधी दोन्हीकडचा पोस्टफिक्स थांबवा. रांगेतल्या फाइलचं नाव डिस्कवरच्या आयनोड क्रमांकाशी बांधलेलं असू शकतं, म्हणून नक्कल केल्यावर ‘पोस्टसुपर’ला रांगेची रचना तपासून दुरुस्त करण्याचा आदेश द्या. आणि जुना सर्व्हर चुकूनही पुन्हा सुरू करू नका, नाहीतर प्रत्येकाला दोन-दोन पत्रं जातील.

प्रश्न : रांगेत हजारो मेल आहेत आणि ते आम्ही पाठवलेलेच नाहीत.

मग हा हलवण्याचा घोळ नाही. कोणाचा तरी पासवर्ड फुटला असेल किंवा वेबसाइटचा फॉर्म कोणी वापरत असेल. होल्ड करा, ‘पोस्टकॅट’ने दोन-चार मेल उघडून ते कुठून शिरले ते शोधा, आधी ते भोक बुजवा. पुसायचं काम त्यानंतर, आणि तेही निवडून. ‘सगळं पुसा’ हा आदेश एका ओळीत लिहून होतो. तो परत घेता येत नाही.

प्रश्न : मेल रांगेतही नाहीत आणि पोचतही नाहीत.

मग ते दारातच अडलेत. वेबसाइट दुसऱ्या यंत्रावर असेल आणि तिचा आयपी ‘मायनेटवर्क्स’मध्ये नसेल, तर पोस्टफिक्स ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ म्हणतो आणि मेल आत घेतच नाही. अशा वेळी वेबसाइटचा लॉग बघा. नाहीतर मेल पोचलेत, पण समोरच्याच्या स्पॅमच्या कप्प्यात. तसं असेल तर वरचे चार कागद पुन्हा तपासा.

प्रश्न : एवढं सगळं करण्यापेक्षा मेल पाठवणारी बाहेरची सेवा घेतली तर?

छोट्या संस्थेला तो मार्ग चांगला आहे. ‘रिलेहोस्ट’मध्ये त्या सेवेचा पत्ता घालून ५८७ पोर्टवरून मेल द्यायचे, म्हणजे २५ चा प्रश्न मिटतो. मात्र त्या सेवेचं नाव एसपीएफमध्ये घालायला विसरू नका, तिने दिलेली डीकेआयएमची नोंदही करा. आणि रांगेवर नजर तरीही ठेवाच. बाहेरची सेवा अडली तर मेल थांबणार ते आपल्याच रांगेत.

आजच्यापुरतं इतकंच. घरी जाऊन एक काम करा. तुमच्या सर्व्हरवर आत्ता ‘मेलक्यू’ चालवा. रांग रिकामी असेल तर उत्तम. नसेल तर कंसातलं वाचा. कुणीतरी त्या पत्राची वाट बघत असेल.